नुसतं पाहिलं आणि नकार गेला

माझ्या धंद्यात क्रियापदं सहा-सातच आहेत. त्यातली रोजच्या कामाला दोन लागतात. इतक्या वर्षांत ती दोनसुद्धा लोकांना नीट वापरता आली नाहीत, आणि त्या लोकांमध्ये पहिला मी.

आपल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकासाठी 'तुमच्या कामाबद्दल काहीतरी हलकंफुलकं लिहा' असा निरोप मागेही आला होता, तेव्हा मी टाळलं. मी बोलणारा माणूस नाही. बायको म्हणते, तुमच्यापेक्षा घरातला राउटर बरा, निदान दिवा तरी लुकलुकवतो. यंदा लिहितो आहे, पण हलकंफुलकं होणार नाही. आधीच सांगतो, म्हणजे छापायचं की नाही ते संपादकांना वेळेत ठरवता येईल.

भिलाईत पावर हाउस भागात, बाजाराच्या तोंडाशी, मोबाईल कव्हर विकणाऱ्या दुकानाच्या वर माझी एक खोली आहे. खाली ऑटोवाले दिवसभर 'दुर्ग, दुर्ग, दुर्ग' ओरडतात आणि वर मी लोकांच्या वेबसाईटी बनवतो. कोचिंग क्लास, नर्सिंग होम, मंडपवाले, टाईल्सवाले. माझे वडील भंडाऱ्याकडून इथल्या पोलाद कारखान्यात आले आणि भट्टीपुढे उभे राहून निवृत्त झाले. मी टायपिंग करतो असं त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं. मीही कधी खोडून काढलं नाही.

तुम्ही फोनवर एखादी वेबसाईट उघडता तेव्हा तुमचा फोन दूरच्या एका मशीनला निरोप पाठवतो. त्या मशीनला सर्व्हर म्हणतात. निरोपाचा पहिला शब्द हे क्रियापद असतं. 'गेट' म्हणजे दाखव. 'पोस्ट' म्हणजे हे घे, आणि याचं पुढे जे करायचं ते कर. 'पुट' म्हणजे तिथं जे असेल ते हटवून त्या जागी हे ठेव. 'डिलीट' म्हणजे काढून टाक. 'हेड' नावाचं एक लाजाळू क्रियापद आहे. ते उंबऱ्याबाहेरूनच 'आहेत का घरी?' विचारतं आणि हो-नाही ऐकून निघून जातं. आणखीही एक-दोन आहेत, पण त्यांना तुम्ही भेटणार नाही. मीच क्वचित भेटतो.

यात खरा नियम एकच आहे. गेट फक्त पाहतं. पाहिल्यानं काही बदलता कामा नये. कोणीही पाहावं, कितीही वेळा पाहावं, पलीकडची वस्तू जिथल्या तिथं राहिली पाहिजे. हा नियम एवढा महत्त्वाचा का, तर इंटरनेटवर माणसांपेक्षा मशीनच जास्त पाहत असतात. शोध घेणारी मशीनं पाहतात, व्हायरस तपासणारी पाहतात, तुमचं मेसेजचं ॲपसुद्धा तुम्हाला न विचारता डोकावून येतं. ती सगळी बिनधास्त डोकावतात, कारण डोकावल्यानं काही बिघडणार नाही हे सगळ्यांनी आपसात मानलेलं आहे. मानलेलंच आहे फक्त. मोडलं तर कोणी दंड करत नाही.

भिलाईत हे समजावून सांगणं म्हणजे डोक्याला ताप. इथे गेट म्हटलं की कारखान्याचं गेट आणि पोस्ट म्हटलं की डाकघर. आणि पोस्टचा स्वभाव वेगळा. ते दोनदा पाठवलं की काम दोनदा होतं. इथल्या एका मंडपवाल्या शेठसाठी मी बुकिंगची साईट केली होती. एका मुलीच्या बापानं खुर्च्या मागवण्याचं बटण दाबलं, नेट सुस्त होतं, काही हललं नाही, म्हणून त्यानं लिफ्टचं बटण दाबतात तसं ते दाबतच ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या गल्लीत खुर्च्यांच्या गाड्यांची रांग लागली.

शेठ माझ्याकडे चढून आला. "भैया, आपकी वेबसाईट ने हमको मरवा दिया."

मी म्हणालो, "शेठ, त्यांनी पाच वेळा मागवलं."

"अरे, आदमी को एक ही लड़की है, पाँच शादी करेगा क्या? इतना तो मशीन को समझना चाहिए ना!"

चिडलो, पण शेठ बरोबर होता. ते समजून घेण्याची सोय मी करून ठेवायला हवी होती. एक बटण, एकदा दाबलं की बंद. दुपारभराचं काम. मी शेठलाच शिकवत बसलो की लोकांना धीर धरायला सांगा.

माझी खोड हीच. चूक दिसली की मी ती करणाऱ्या माणसाकडे बोट दाखवतो. खोड चांगली मुरली होती, म्हणूनच पुढचं घडलं.

आमच्या समाजाचे रामटेके काका तुमच्यातल्या बहुतेकांना माहीत असतील. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून विहारातलं वधू-वर सूचक मंडळ तेच चालवतात. एके दिवशी जिना चढून आले, धापा टाकत खुर्चीत बसले आणि म्हणाले, "जय भीम. मले एक सांग बाबू, आपल्या लोकायले 'नाही' म्हनता कावून नाही येत?"

मी म्हणालो, "काय झालं?"

"काय व्हाचं! पोरगी पाहाले जातात, चहा पेतात, चिवडा खातात, अन् उठता उठता म्हनतात, कळवतो. अरे कळव ना मंग! सहा-सहा महिने पोरीवाले फोनकडे पाहून राहिले. मी फोन केला तं म्हनतात, मामाले विचारून राहिलो. कोनता मामा हाय हा? समद्या जगाचा एकच मामा हाय काय?"

काकांचा वैताग खोटा नव्हता. आपल्याकडे सोयरीक मामाला विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि नकार द्यायचा असला की मामा कधी घरीच नसतो. काकांना हवं होतं ते सोपं होतं. दोन्ही घरांची भेट झाली की दोन्ही घरच्या फोनवर एसएमएस जाईल. त्यात दोन लिंक, एक होकाराची, एक नकाराची. बोट लावलं की उत्तर नोंदलं जाईल आणि समोरच्यांना कळेल. लॉगिन नको, पासवर्ड नको, फॉर्म नको. "आन् एकदा देल्लं उत्तर बदलता नाही आलं पायजे," काका म्हणाले. "लोक लय पलटतात."

लिंक उघडणं म्हणजे गेट. दाखव. आणि मी त्या 'दाखव'ला उत्तर नोंदवण्याच्या कामाला जुंपत होतो. नियम मला माहीत होता. लिंक उघडली की आधी एक पान दिसावं, त्या पानावर बटण असावं, बटण दाबल्यावर पोस्ट जावं. मी काकांना तसं सांगितलंही. म्हणालो, "काका, हे गेटनं करणं बरं नाही."

काका म्हणाले, "गेटानं कावून पाठवतं मंग? पोस्टानं पाठव!"

मी हसलो. त्यांना डाकघर म्हणायचं होतं आणि ते हसण्यावारी गेलं. पण पानावरचं बटण म्हणजे लोकांना आणखी एक पायरी, म्हणजे रोज फोनवर 'बटण कुठं हाय' ऐकणं. मंडळाचं काम मी तसंही सेवा म्हणून करत होतो. सेवा म्हटलं की माणूस हात आखडतो आणि वर उपकाराचं समाधानही घेतो. मी लिंकवरच उत्तर नोंदवलं. पुढे जे पान दिसायचं त्यावर होकार असो की नकार, एकच ओळ होती: 'आपले उत्तर नोंदले आहे. धन्यवाद.' दोन वेगळी पानं करायचाही कंटाळा.

होकाराची लिंक मी वर ठेवली. शुभ म्हणून.

आणि होकार यायला लागले. इतके, की काका विहारात छाती काढून फिरायला लागले. मग भांडणं यायला लागली. एका रविवारी विहाराच्या आवारात दोन कुटुंबं एकमेकांवर धावून गेली. एक म्हणे, तुम्ही हो म्हणालात; दुसरे म्हणे, आमी कधी म्हनलं, आमचा मामा तं आताच गोंदियावरून आला! काका मला म्हणाले, "पाह्य, पलटले." मीही म्हणालो, पलटले. तशी पुन्हा एक जोडी पलटली. मग आणखी एक.

शेवटी मी माझ्याच फोनवर करून पाहिलं. एसएमएस आला. लोक काय करतात? उत्तर द्यायच्या आधी तो मेसेज उचलून घरच्या ग्रुपवर चिकटवतात, मामाला दाखवायला. मीही बायकोला पाठवायला म्हणून चिकटवला. पाठवायचं बटण दाबायच्या आतच मजकुराखाली एक करडी चौकट उमटली. मेसेजचं ॲप मजकुरातली पहिली लिंक आपणहून उघडून येतं आणि आत काय आहे ते त्या चौकटीत दाखवतं. चौकटीत माझंच वाक्य होतं. आपले उत्तर नोंदले आहे. धन्यवाद.

म्हणजे मामाला नुसतं विचारायला घेतलं की होकार गेला. कोणी पलटत नव्हतं.

माझं डोकं तापलं. ॲपवर, मामांवर, काकांवर. सगळ्यांवर तापून झाल्यावर दुरुस्तीकडे वळलो. पान आणि बटण, म्हणजे दोन दिवस. त्याच आठवड्यात नर्सिंग होमवाले डोक्यावर बसले होते. तेव्हा मी जे केलं त्याला एक मिनिटही लागलं नाही. दोन्ही लिंकांची जागा बदलली. नकार वर, होकार खाली.

माझा हिशेब असा होता. खोटा होकार गेला तर दोन घरं भांडतात. खोटा नकार गेला तर कोणाचं काय जातं? दुसरं स्थळ येईल. आणि ज्यांना खरंच हवं असेल ते फोन करून विचारतील.

भांडणं बंद झाली. एकदम. कारण खोट्या होकाराची तक्रार घेऊन लोक येतात, नकाराची कोणी आणत नाही. नकार आला की आपल्याकडे घर गप्प बसतं. वार्षिक कार्यक्रमात रामटेके काकांनी माझ्या खांद्यावर शाल घातली आणि माईकवरून म्हणाले, आपल्या पोरानं कॉम्प्युटरनं समाज जोडला. टाळ्या पडल्या. मी शाल घेतली.

आता सुजाता. माझ्या घरापासून चार दारं सोडून, खुर्सीपारला, गजभिये काका राहतात. कारखान्यात क्रेन चालवायचे. बायको वारली, मागे एकच मुलगी, सुजाता. एका खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. तिच्यासाठी मंडळाकडून डोंगरगडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा रेल्वेत. भेट झाली. भेटीत सुजातानं मुलाला एक गोष्ट सरळ सांगितली: बाबा माझ्यासोबत राहतील. मुलगा म्हणाला, चालते, माझ्याकडे क्वार्टर मोठं आहे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढे गजभिये काकांनीच सांगितलं.

स्थळ येऊन बरेच दिवस झाल्यावर काका माझ्या दारात उभे राहिले. "बाबू, तुह्या मशिनीत पाह्य बरं जरा. आमी होकार देल्ला, डोंगरगडवाल्यायचं काहीच नाही आलं."

"तुम्ही नीट दिला का होकार?"

"देल्ला ना! आधी ग्रुपवर टाकला, सुजाताच्या मामाले इचारलं, त्यानं अंगठा देल्ला, मंग मी होकारावर बोट लावलं. धन्यवादबी आलं. हे पाह्य."

त्यांनी फोन माझ्या डोळ्यांपुढे धरला. घरचा ग्रुप. त्यात माझा एसएमएस चिकटवलेला, खाली ती करडी चौकट, तिच्यात माझी ओळ. त्याखाली सुजाताच्या मामाचा अंगठा.

काका मामाचा अंगठा दाखवत होते. मी चौकट पाहत होतो. मामाच्या अंगठ्याआधीच डोंगरगडला नकार गेला होता. काकांनी मागाहून लावलेलं बोट मशीननं मोजलंच नाही, कारण एकदा दिलेलं उत्तर बदलत नाही, आणि पान दोन्ही वेळा तेच. डोंगरगडची माणसं सभ्य असणार. नकार वाचून गप्प बसली.

तेव्हाच बोलायला हवं होतं. एक फोन, आणि दोन्ही घरं हसली असती. माझ्या तोंडून निघालं, "पाहतो काका."

आपल्या भाषेत हा शब्द फार सोयीचा आहे. पाहतो म्हटलं की समोरचा निघून जातो, आणि आपल्याला काही करावं लागत नाही.

त्या दिवशी मी पान केलं, बटण केलं, उत्तर पोस्टनं जाईल असं केलं. दोन दिवसांचं म्हणत होतो, संध्याकाळपर्यंत झालं. आणि कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आधी शाल आठवली असती लोकांना. मग प्रत्येक घरानं आपला जुना नकार काढून विचारलं असतं, हा खरा की तुझा? त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नाही. ज्या घरांना त्या काळात मंडळाकडून नकार गेला त्यांना आता एवढंच सांगू शकतो, की तो बहुधा कोणी दिलेला नव्हता.

गजभिये काकांनी पुन्हा विचारलं नाही. डोंगरगडवाले घमेंडी आहेत असं मात्र दोन-चार जणांत बोलून घेतलं. पुढे सुजाताला आणखी स्थळं आली. गल्लीत भेटली की ती पूर्वीसारखीच 'काय दादा' म्हणायची. मी मान हलवून फोनकडे पाहायचो.

गेल्या उन्हाळ्यात काकांच्या दारातून त्यांचा कूलर बाहेर जाताना दिसला. शेजारच्या दोन पोरांनी उचलला होता. एवढ्या तापात कूलर कोण देऊन टाकतं? मी विचारलं तर काका म्हणाले, "गावाले चाललो ना मी. सुजाताचं जमलं, राजनांदगावचं स्थळ हाय. रविवारी साक्षगंध. येजो."

"गावाला म्हणजे? तुम्ही तिच्याजवळ राहणार होता ना?"

काका हसले. "एकदा म्हनून पाह्यलं ना तिनं, डोंगरगडवाल्याले. काय झालं? नकार बी नाही देल्ला साल्यायनं धड. म्हातारा संगे येते म्हनलं की कोन करते बाबू? माह्याच पायी मोडलं ते. या टायमाले म्या तिले सांगतलं, माहं नावच नोको काढू. भावाच्या घरी एक खोली हाय, पडून राहीन."

त्यांच्या मागे खोलीत सुजाता कपड्यांच्या घड्या करत होती. तिनं मान वर केली नाही.

मी घरी आलो. जेवलो नाही. बायकोनं विचारलं तर तिच्यावरच ओरडलो. मग परत गेलो. चपला काढल्या, आत गेलो आणि उभ्यानंच सांगितलं. चौकट, लिंकांची अदलाबदल, शाल, सगळं. गेट आणि पोस्ट मी त्यांना जसं समजावलं त्याहून बरं वर तुम्हाला समजावलं आहे. पण सुजाता लॅबमधली. तिला एका वाक्यात कळलं.

"म्हणजे त्यांनी नाही म्हटलंच नव्हतं?"

"नाही."

"आम्हीच नाही म्हटलं, असं गेलं त्यांना?"

"हो."

"त्यांचं लग्न झालं असेल."

"झालं. मी चौकशी केली होती."

"ते मात्र केलं तुम्ही," ती म्हणाली. मग घडी घातलेला टॉवेल उलगडून तिनं पुन्हा घडी घातली. "दादा, डोंगरगडचं जाऊ द्या. नंतर तीन ठिकाणी मी तोंड शिवून बसले. खरं बोलले म्हणून नकार आला असं वाटलं मला. बाबांना वाटलं त्यांच्यामुळे आला. आम्ही दोघं एकमेकांसमोर बसून जेवायचो आणि हेच वाटून घ्यायचो."

काकांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ते ओरडले नाहीत. म्हणाले, "म्या त्या मानसाले घमेंडी म्हनलं. चार लोकांत." आणि मग ओरडले. काय ओरडले ते छापता येणार नाही. बरोबर ओरडले.

त्यांचं चालू असतानाच सुजातानं फोन उचलला आणि राजनांदगावच्या मुलाला लावला. काका म्हणाले, "काय करून राहिली तू?" तिनं हातानं त्यांना थांबवलं.

"हॅलो, हाँ, सुनिए ना, एक बात बतानी रह गई थी. बाबा मेरे साथ रहेंगे. शादी के बाद. हाँ, हमारे घर में. नहीं, थोड़े दिन नहीं, हमेशा." मग थांबली. "हाँ, पूछ लीजिए. मैं लाइन पर हूँ."

तिनं फोन स्पीकरवर टाकून पलंगावर ठेवला. तिकडे कुठेतरी पंखा घरघरत होता, भांडी वाजत होती. कोणी उठून कोणाला विचारायला गेलं होतं. मला जायचं होतं, पण काकांनी बोटानं जमीन दाखवली. बस. मी बसलो.

मुलाच्या आईचा आवाज आला. तिनं मराठीतच सुरू केलं. "बेटा, तू आमाले पसंत हाय. खरं सांगतो. पन दोन खोल्यायचं घर, त्यात बापाले घेऊन पोरगी सासरी येते असं आमच्यात कोनी पाह्यलं नाही. लोक काय म्हनतीन? तू इचार कर."

"विचार करून झाला काकू."

"मंग कसं?"

"मग राहू द्या. तुम्ही सांगितलं ते बरं केलं. जय भीम काकू."

"जय भीम बेटा," ती बाई म्हणाली. आवाज मऊ होता. तिलाही वाईट वाटलं असावं.

फोन बंद झाला. काका माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा पाहून मी उठूनच उभा राहिलो. "दोनदा! दोनदा मोडलं तू माह्या पोरीचं! एकदा चूप राहून आन् एकदा बोलून! आज यायले कोनी सांगतलं होतं तुले? सोमवारी आला असता तं काय गेलं असतं तुह्या बापाचं?"

रविवारनंतर आलो असतो तर त्यांनी विचारलं असतं, आधी का नाही आलास.

"बाबा," सुजाता म्हणाली, "ते डोंगरगडचं यांनी मोडलं. त्याबद्दल यांना हवं ते बोला, मीही बोलेन. पण हे मी मोडलं. हे यांच्या नावावर नका टाकू."

काका पलंगावर बसले. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. खोलीत उकाडा होता. कोपऱ्यात जिथं कूलर असायचा तिथं फरशीवर ओला चौकोनी डाग होता आणि वायर उघडी पडली होती.

"मंग मी गावाले नाही चाललो?" ते म्हणाले.

"नाही."

मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "कूलर देऊन टाकला म्या. बाजूच्या बंडूले."

मी म्हणालो, "आणतो."

"एकट्यानंच आन."

बंडूच्या घरी तो चालू होता, पाण्यानं भरलेला. त्याच्या बायकोला काय सांगावं ते सुचेना, म्हणून खरं ते सांगितलं: काका कुठं जात नाहीत. ती म्हणाली, मंग ठीक हाय, न्या. मी वायर काढली, कूलर पोटाशी धरला आणि भर गल्लीतून निघालो. पाणी हिंदकळून माझ्या पँटवर सांडत होतं. लोक दारात येऊन पाहत होते. गजभिये काका त्यांच्या पायरीवर उभे राहून ओरडत होते, "सरळ धर, सरळ! समदं पानी सांडवून राहिला!"